कोनासमुद्रम ते वाळूज : भट्टीतलं ज्ञान कुणाचं?

मंडळी, आपल्याकडे नवा कारखाना येणार अशी बातमी आली की तीन आकडे लगेच विचारले जातात. किती कोटी, किती एकर, किती नोकऱ्या. २०२४ मध्ये बिडकीनच्या ऑरिकमध्ये एथर आणि टोयोटा किर्लोस्कर येणार असं जाहीर झालं, तेव्हाही चौकाचौकात याच तीन आकड्यांची चर्चा होती. चौथा प्रश्न कुणी विचारत नाही. त्या कारखान्यात जे ज्ञान लागणार आहे, ते कुणाचं असेल? आपल्या पोरांच्या हातात नुसतं बटण येणार, की ते बटण का दाबायचं हेही येणार?

हा प्रश्न हवेतला नाही. आपण ज्या संस्थानात होतो, त्याने याची किंमत एकदा मोजली आहे. तीही साध्यासुध्या धंद्यात नाही, जगात नावाजलेल्या पोलादाच्या धंद्यात. तो इतिहास आणि आज वाळूज-चिकलठाण्यात रात्रंदिवस पेटलेल्या हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या, यांचा एकमेकांशी संबंध आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

लोहाराचं 'पाणी'

गंगापूर, पैठण, वैजापूरकडच्या कुणाही जुन्या माणसाला विचारा, विळ्याला 'पाणी दिलं' म्हणजे काय. लोहार विळा भट्टीत लाल करतो, पाण्यात बुडवतो, चर्र आवाज येतो आणि धार टिकायला लागते. पेरणीच्या आधी वखराची पास नाहीतर नांगराचा फाळ शेवटून आणायला लोहाराच्या भात्यापाशी गर्दी व्हायची, ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. 'त्याच्या हातचं पाणी चांगलं' अशी एखाद्या लोहाराची पंचक्रोशीत ख्याती असायची. हे पाणी म्हणजेच कारखान्यातलं क्वेंचिंग.

पण पाणी दिलं की काम संपलं असं नाही. नुसतं पाणी दिलेलं पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. दगडावर बसलं की टवका उडतो. म्हणून ते पुन्हा हलकं तापवायचं. घासून चकचकीत केलेल्या धारेवर तेव्हा रंग चढत जातात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी मोरपंखी निळा. पिवळा साधारण २३० अंश सेल्सिअसला येतो, निळा ३०० च्या आसपास. वस्तऱ्यासाठी पिवळ्यावर थांबायचं, स्प्रिंगसाठी निळ्यापर्यंत जायचं. हे टेंपरिंग. लोहाराकडे थर्मामीटर नव्हता, डोळा हाच त्याचा थर्मामीटर. म्हणून भट्टी सावलीला असायची, कारण भर उन्हात लाल रंगाच्या छटा कळत नाहीत.

ही विद्या फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खड्गाच्या लक्षणांवर एक अध्याय आहे. पोलादाला कशाकशाचं पाणी द्यावं याच्या कृती त्यात आहेत. केळीचा क्षार ताकात रात्रभर मुरवून त्याचं पाणी दिलेलं शस्त्र दगडावर तुटत नाही आणि दुसऱ्या लोखंडावर बोथट होत नाही, असा दावा तिथे केलेला आहे. कृती आहे, पण ती का लागू पडते हे नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे याच्याशीच काम आहे.

आत नेमकं काय होतं

'का'चं उत्तर गेल्या दीडशे वर्षांतलं आहे. सोप्या भाषेत सांगतो. लोखंडात थोडा कार्बन मिसळला की पोलाद. साध्या तापमानाला लोखंडाच्या अणूंची जी मांडणी असते, तिच्यात कार्बनला जवळजवळ जागाच नसते. तापमान ७२७ अंशांच्या वर गेलं की मांडणी बदलू लागते आणि कार्बन तिच्यात विरघळतो, चहात साखर विरघळावी तसा. आता हे पोलाद सावकाश गार केलं तर कार्बन निवांत बाहेर पडतो आणि पोलाद मऊ राहतं. झटक्यात गार केलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, अणूंची मांडणी ताणली जाते आणि पोलाद कमालीचं कडक होतं. या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात. ॲडॉल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून १८९० च्या दशकात ते नाव पडलं. टेंपरिंग केलं की अडकलेला कार्बन थोडा सुटतो, ताण हलका होतो. कडकपणा जरासा उतरतो, पण चिवटपणा येतो.

मग मिश्र पोलाद, म्हणजे अलॉय स्टील, कशाला लागतं? क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम टाकलं की पोलाद आपोआप कडक होतं, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. कडकपणा मुख्यतः कार्बन देतो. मिश्रधातू देतात ती सवड. साध्या पोलादाला कडक करायचं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत गार करावं लागतं. पातळ विळ्याचं तेवढ्यात भागतं. पण मनगटाएवढ्या जाड शाफ्टच्या गाभ्यातली उष्णता इतक्या वेगाने बाहेर येणार कशी? पाण्यात टाकला तर बाहेरचा भाग आधी कडक होतो, आतला मागाहून फुगतो आणि तडा जातो. क्रोमियम, मँगनीज, मॉलिब्डेनम कार्बनला बाहेर पडायला उशीर लावतात. मग पाण्याऐवजी तेलात, आणि काही जातींत तर नुसत्या हवेतसुद्धा, तुकडा खोलवर कडक होतो.

दुसरा फायदा झिजेचा. क्रोमियम, व्हॅनेडियम, टंगस्टन हे कार्बनशी मिळून कार्बाइडचे बारीक, गारगोटीपेक्षाही कडक कण तयार करतात. घासून घासून होणारी झीज हे कण अडवतात. टूल रूममध्ये काम करणाऱ्या कुणालाही 'डी टू' विचारा. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. पत्रा कापणारी डाय ठोक्यावर ठोके सोसते, ती या कणांच्या जोरावर.

आता इतिहासाकडे

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हे आपण दर वर्षी झेंडावंदन करून आठवतो. त्याच संस्थानात, आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद भागात, कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. आपल्या स्टेशनवरून देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलं की जालना, परभणी, नांदेड करत गाडी निजामाबादला पोचते, इतकं ते आपल्या वाटेवरचं. या भागात 'वूट्झ' पोलाद बनायचं. पश्चिम आशियात ज्या दमास्कस तलवारींचा दबदबा होता, त्यांच्यासाठी लागणारं पोलाद दक्षिण भारतातून आणि दख्खनमधून जायचं. कोनासमुद्रम हे त्यातलं एक नावाजलेलं ठिकाण.

हेन्री व्हॉयसी नावाचा इंग्रज डॉक्टर त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर दख्खनमध्ये फिरत होता. तो भूगर्भतज्ज्ञही होता. १८२० च्या सुमारास तो इथे आला आणि त्याने पाहिलेली कृती पुढे १८३२ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. दोन वेगवेगळ्या ठिकाणचं लोखंड ठरावीक प्रमाणात घ्यायचं, मातीच्या मुशीत घालून तोंड बंद करायचं, भात्यांनी भट्टी तासन्‌तास धगधगत ठेवायची आणि मग मूस सावकाश निवू द्यायची. आत पोलादाची वडी तयार. तीही लगेच घडवता येत नसे. तिला माती लिंपून पुन्हा तापवायचं, निववायचं, पुन्हा तापवायचं, ती हातोड्याखाली नरम पडेपर्यंत. हाही उष्णोपचारच, फक्त कडक करण्याऐवजी मऊ करण्याचा. वाळूजमध्ये आज याला ॲनिलिंग म्हणतात.

व्हॉयसीच्या वर्णनातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. तिथे त्याला इस्फहानचा एक इराणी व्यापारी भेटला. हा माणूस पूर्वीही येऊन माल घेऊन गेलेला होता. पैसे टाकले, माल उचलला, असं त्याचं नव्हतं. तो स्वतः उभा राहून लोखंडाचं वजन करून घ्यायचा, मुशीत ते पुरतं वितळलं की नाही बघायचा, वडीचा चिवटपणा तपासायचा. आजच्या भाषेत कस्टमरचा क्वालिटी ऑडिटर! इराणात हे पोलाद करून पाहिलं गेलं होतं, पण जमलं नव्हतं. म्हणून हा एवढा प्रवास.

बघा, मालाची वडी इथली, घाम इथला. तलवार मात्र तिकडे घडायची आणि नाव झालं दमास्कसचं. कोनासमुद्रमचं नाव आपल्यापैकी किती जणांनी शाळेत ऐकलं होतं?

मग हे बंद का पडलं? कारणं अनेक आहेत. तलवारीचे दिवस संपत आले. १८५६ मध्ये बेसेमरची पद्धत आली आणि विलायती पोलाद स्वस्तात, टनावारी मिळू लागलं. वडी-वडीने बनणारा माल त्यापुढे टिकणं शक्य नव्हतं. पण अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवन आणि घोड्यांचे नाल ठोकणारे लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी वर्षानुवर्षं एकत्र प्रयोग करून १९९८ मध्ये आणखी एक कारण मांडलं. दमास्कसच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते, ती कार्बाइडच्या ओळींची. आणि या ओळी जुळतात त्या पोलादात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अगदी किंचित अंश असेल तर. लाखात चार भागसुद्धा पुरतात. ठरावीक खाणींच्या खनिजात हा अंश आपोआप यायचा. म्हणजे हे कारागीर नकळत अलॉय स्टीलच बनवत होते. या दोघांचं म्हणणं असं, की खनिज बदललं तेव्हा तीच कृती करूनही तशी पाती निघेनात, आणि का निघत नाहीत हे कुणाला सांगता येईना.

माझ्या मते धडा इथे आहे. 'कसं' हातात होतं, पिढ्यान्‌पिढ्या होतं. 'का' हातात नव्हतं. आणि त्या भट्टीवरच्या माणसाने स्वतः लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं. आपल्याला जी माहिती आहे ती बाहेरून आलेल्या एका डॉक्टरच्या टिपणातून.

'का' शोधणारे

गंमत अशी की त्या 'का'चा शोध आपल्याच पोलादामुळे लंडनमध्ये सुरू झाला. विजेच्या शोधांसाठी आपण ज्या मायकेल फॅरेडेचं नाव शाळेत शिकतो, तो लोहाराचा मुलगा. १८१९ मध्ये त्याने वूट्झचं रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केलं. मग सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या जेम्स स्टोडार्टला बरोबर घेऊन त्याने पोलादात निकेल, चांदी, प्लॅटिनम असं काय काय मिसळून पाहिलं. वूट्झचं गुपित त्याला उलगडलं नाही, पण अलॉय स्टीलचा शास्त्रशुद्ध अभ्यास तिथून सुरू झाला.

पुढची वाट झपाट्याने कापली गेली. १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट मशेटने टंगस्टन घातलेलं पोलाद केलं, ते हवेत निवूनच कडक व्हायचं. १८८२ मध्ये शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डने बारा-तेरा टक्के मँगनीज घातलं आणि सगळा नियमच उलटा झाला. हे पोलाद लालबुंद करून पाण्यात टाकलं की कडक होत नाही, उलट चिवट होतं, आणि मग जितके घाव बसतील तितका त्याचा वरचा थर कडक होत जातो. आपल्या जिल्ह्यात डोंगराच्या कडेला जे स्टोन क्रशर दिसतात, त्यांच्या जबड्यात बसवलेली 'मँगनीज प्लेट' ती हीच. म्हणजे आपल्या रस्त्यांची खडी हॅडफिल्डच्या पोलादाने फुटते.

१८९८ ते १९०० या काळात अमेरिकेत फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी टूलचं पोलाद वितळायच्या जवळ जाईपर्यंत तापवून पाहिलं. त्यातून 'एचएसएस', म्हणजे हाय स्पीड स्टील, पुढे आलं. टूल लाल झालं तरी धार जाईना. कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा टेलर तो हाच. आणि १९१४ मध्ये अमेरिकेतल्या बॉल बेअरिंगच्या एका कारखान्यात ह्यू आणि स्टॅनली रॉकवेल यांनी कडकपणा पटकन मोजणारं यंत्र काढलं, कारण हीट ट्रीटमेंट झालेल्या रिंगा तपासायला वेळ लागत होता. आज वाळूजमध्ये लॉट भट्टीतून बाहेर आला की पहिला प्रश्न असतो, 'रॉकवेल किती आली?'

वाळूज उभं राहिलं तेव्हा

१९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली. आपल्याकडे आधी रेल्वे स्टेशनजवळची वसाहत, मग चिकलठाणा आणि मग वाळूज. जानेवारी १९८४ मध्ये बजाजच्या वाळूज कारखान्याची कोनशिला बसली आणि ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्या एका कारखान्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांचं जाळं तयार झालं. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या आज देशाबाहेर कारखाने असलेल्या कंपन्या याच जाळ्यातून वाढल्या. नीडल बेअरिंग बनवणाऱ्या एनआरबीचे कारखाने वाळूजला आणि जालन्यालाही आले. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम उभी राहिली. रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर, जोगेश्वरीच्या रानात बजाजनगर वसलं.

स्कूटर असो की मोटारसायकल, तिच्या गिअरच्या दाताकडून दोन उलट्या गोष्टींची अपेक्षा असते. वरून इतका कडक हवा की घासून झिजू नये, आणि आतून इतका चिवट हवा की झटका बसला तरी तुटू नये. कवठासारखं म्हणा ना, बाहेरून टणक, आतून नरम. एकाच तुकड्यात हे साधायचं कसं? गिअर कमी कार्बनच्या मिश्र पोलादातून बनवतात, साधारण ०.२ टक्के कार्बनच्या. मग तो बंद भट्टीत ९०० ते ९३० अंशांवर कार्बनयुक्त वायूत काही तास ठेवतात. पृष्ठभागात कार्बन मुरत जातो आणि ०.८ टक्क्यांच्या आसपास पोचतो. मग तेलात क्वेंच, आणि १५० ते १८० अंशांवर टेंपरिंग. वरचा थर ५८ ते ६२ रॉकवेल, गाभा ३० ते ४०. आणि हा कडक थर किती जाड? अर्धा ते एक मिलिमीटर. वाळूजच्या भाषेत 'केस डेप्थ'. पोस्टकार्डाच्या दोन-चार जाडीएवढ्या या कातडीवर गाडीचा गिअरबॉक्स वर्षानुवर्षं चालतो.

बेअरिंगचं वेगळं. तिथे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियमचं पोलाद आरपार कडक करतात. त्याला आपल्याकडे 'ईएन थर्टी वन' म्हणतात. या 'ईएन'ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलादाच्या असंख्य जाती सांभाळणं ब्रिटनला परवडेना, म्हणून १९४१ मध्ये त्यांनी निवडक जातींची क्रमांकवार यादी केली. ईएन एट, ईएन नाइन्टीन, ईएन ट्वेंटी फोर हे सगळे क्रमांक त्या युद्धकाळच्या यादीतले. ब्रिटनने १९७० च्या दशकात ती बदलून नवे क्रमांक आणले. आपल्या वसाहतीत मात्र स्टीलच्या दुकानापासून ड्रॉइंगपर्यंत अजून तीच नावं चालतात. दुसरीकडे 'सोळा एमएनसीआर पाच' हे जर्मन नाव, 'शहाऐंशी वीस' हे अमेरिकन. सगळी भाषा उसनी. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण आपण आपल्या बाजूने या भाषेत किती भर घातली, हा प्रश्न मात्र उरतो.

हे सगळं फक्त गाड्यांपुरतं आहे असंही नाही. जालन्याची सळई घ्या. पूर्वी घराच्या स्लॅबला पिळदार 'टॉर' सळई यायची, आता टीएमटी. रोलिंग मिलमधून साधारण हजार अंशांवर बाहेर पडणारी सळई पाण्याच्या फवाऱ्यातून जाते. बाहेरचं कडं झटक्यात मार्टेन्साइट होतं, आतला गाभा तापलेलाच असतो, आणि त्या आतल्या उष्णतेनेच बाहेरच्या कड्याचं टेंपरिंग होतं. ही युक्ती १९७० च्या दशकात बेल्जियममध्ये विकसित झाली. लोहाराचं पाणी आणि लोहाराचं टेंपरिंग, दोन्ही काही सेकंदांत. ती सळई अलॉय स्टीलची नसली तरी तत्त्व तेच. तुमच्या घराचा कॉलम त्यावर उभा आहे.

जे दिसत नाही त्यावर विश्वास

आता सार्वजनिक प्रश्नाकडे येतो. हीट ट्रीटमेंटला या क्षेत्रात 'स्पेशल प्रोसेस' म्हणतात. अर्थ असा, की काम नीट झालं की नाही हे तयार तुकड्याकडे बघून पूर्ण कळत नाही. वरची रॉकवेल मोजता येते, पण केस डेप्थ बघायची तर गिअर कापावा लागतो. कापलेला गिअर विकता येत नाही. म्हणून लॉटमधले एक-दोन कापायचे आणि बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. तो विश्वास असतो भट्टीच्या तापमानावर, वेळेवर, आणि भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसावर. याच कारणाने अमेरिकन वाहन उद्योगाने २००६ मध्ये हीट ट्रीटमेंटच्या तपासणीसाठी 'सीक्यूआय नाइन' ही पद्धत आणली. त्या इस्फहानच्या व्यापाऱ्याची ही नवी आवृत्ती म्हणा.

पण जॉबवर्कचा दर ठरतो किलोवर. एक किलो माल कडक करायचे इतके रुपये. वीज महागते, गॅस महागतो, दर तोच राहतो, कधी घासाघीस होऊन कमीच होतो. मग मोह कुठे होतो? वेळेत. भट्टीत अर्धा तास कमी ठेवलं तर कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. केस पातळ येते, आणि गिअरचा दात दोन वर्षांनी खवले पडून जातो, कुठल्या तरी घाटात. क्वेंचनंतर टेंपरिंगला उशीर केला तर आतल्या ताणाने तडे जाऊ शकतात. प्रामाणिकपणे काम करणारे लघुउद्योजक मला हेच सांगतात, की चांगलं काम आणि वाईट काम दिसायला सारखंच असतं, दर मात्र वाईट काम करणारा ठरवतो.

माणसांचं म्हणाल तर हे काम सोपं नाही. तापलेलं तेल, पेटणारे वायू, नायट्रायडिंगला अमोनिया, आणि एके काळी सॉल्ट बाथमध्ये सायनाइड. मे महिन्यात आपल्या शहरात पारा ४० च्या वर असतो, तेव्हा भट्टीपुढे आठ तास उभं राहणं काय असतं याची कल्पना करा. मोर्च्यात, निवडणुकीत, पुरवण्यांत कुठेच हा कामगार दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी बातमीसाठी अशाच एका शेडमध्ये मी रात्रपाळीला थांबलो होतो. भट्टीवरचे काका नव्वदच्या दशकात गंगापूर तालुक्यातून आलेले, दहावी झालेले. स्क्रीनवर सगळे आलेख चालू होते. पण त्यांच्या खिशात एक वही होती. थंडीत सोमवारी सकाळचा पहिला लॉट मऊ का येतो, कारण सुटीत तेल गार होऊन घट्ट झालेलं असतं. अमुक आकाराचा शाफ्ट आडवा ठेवला तर वाकतो, उभा टांगला तर सरळ राहतो. टोपलीत माल दाटीने भरला तर मधले तुकडे कच्चे राहतात. तीन दशकांचा अनुभव, निळ्या पेनाने, मराठीत. मी विचारलं, काका, हे कंपनीला दिलंत का? म्हणाले, 'साहेब, कुणी मागितलंच नाही.'

ते निवृत्त झाले की वही घरी जाणार. कोनासमुद्रमला तर वहीसुद्धा नव्हती.

आता पुढे काय

इलेक्ट्रिक गाड्या येतायत. त्यांच्यात इंजिन नाही, म्हणजे क्रँकशाफ्ट नाही, कॅमशाफ्ट नाही, पाच गिअरचा गिअरबॉक्स नाही. वाळूजच्या भट्ट्यांना जे काम मिळतं त्याचा मोठा भाग याच वस्तूंचा आहे. पण मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, तो वेग चाकापर्यंत उतरवायला गिअर लागतातच. ते कमी असतात, पण जास्त काटेकोर लागतात, कारण इंजिनाचा आवाज नसल्यामुळे गिअरचा आवाज लगेच ऐकू येतो. हीट ट्रीटमेंटमध्ये दात किंचित जरी वाकला तरी तो कुरकुरतो. म्हणजे काम कमी होईल, पण उरलेलं काम 'का' माहीत असलेल्यालाच मिळेल. नुसता 'कसं'वाला मागे पडेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पहिली, आपल्या उद्योग संघटनांनी, मासिआ असो की सीएमआयए, भट्टीवरच्या अनुभवी माणसांकडची ही माहिती पद्धतशीर लिहून घ्यावी. नावानिशी, आणि मोबदला देऊन. दुसरी, आपल्या आयटीआय, पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजांनी टूल रूमची मदत घेऊन या कामाचं मराठीतून शिक्षण द्यावं. मार्टेन्साइट हा शब्द मराठीत समजावता येतो, वर मी प्रयत्न केलाय. तिसरी, ऑरिकमध्ये येणाऱ्या कंपन्यांशी बोलताना सरकारने नोकऱ्यांच्या आकड्याबरोबर हेही विचारावं, की साहित्याची तपासणी आणि प्रक्रिया ठरवणारी प्रयोगशाळा इथे असणार, की फक्त भट्टी इथे आणि निर्णय दुसरीकडे?

वडी आपली आणि तलवार दुसऱ्याची, हा सौदा दख्खनने एकदा करून पाहिला. पोलाद उत्तम होतं, मेहनत उत्तम होती, तरी हातात काही उरलं नाही.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काम केलं असेल, करत असेल, तर त्यांना ही पोस्ट वाचून दाखवा. त्यांच्याकडे अशी एखादी वही असेल तर जपून ठेवा, रद्दीत घालू नका. जमलं तर त्यातलं एक पान इथे खाली लिहा. कंपनीचं नाव नको, गिऱ्हाईकाचं गुपित नको. फक्त एवढंच, की काय केलं, काय बिघडलं, आणि का.